मिनलचा फोन

"मॅडम को कौन सा दिखाऊं?" केबिन रोडवरच्या मोबाईलवाल्याने विचारलं, तेही निकेतकडे बघून.

मिनलने काचेखालच्या हिरव्या फोनवर बोट ठेवलं. लहानसा, तळव्यात मावेल असा. दोन महिने कारखान्यातून सुटलं की ती या काचेशी दोन मिनिटं थांबत होती. आपल्या बोनसमधून आपल्याला आवडला तो फोन घ्यायचा, लग्नाआधी एक वस्तू तरी स्वतःच्या मर्जीची असावी, एवढंच तिच्या मनात होतं.

"हा?" निकेत हसला. माणूस वाईट नव्हता हो. साखरपुड्याला जेमतेम महिना झालेला, आणि आज तिच्यासाठी अर्धी सुट्टी टाकून आला होता. "याची बॅटरी दुपारीच झोपेल. आमच्याकडे सगळ्यांकडे तो मोठा काळा आहे. मी, आई, वहिनी. एकसारखे असले की बरं पडतं. तू कुठवर पोचलीस ते आईला घरबसल्या दिसेल."

"भाई बराबर बोल रहे हैं. आजकल सब लडकियां यही ले जाती हैं," दुकानदार म्हणाला. बाहेर काढलेला हिरवा फोन त्याने कधीच परत काचेखाली ठेवून दिला होता.

काळा फोन मिनलच्या हातात आला. चांगला जड होता. आता काहीतरी बोलायला हवं, हे तिला कळत होतं. पण आतून काही हललंच नाही. राग नाही की रडू नाही. खरेदी दुसऱ्याच कोणाची तरी चालली आहे आणि आपण सोबत म्हणून आलोय, असं तिला वाटत राहिलं.

"चालेल ना?" निकेतने विचारलं.

"चालेल."

पैसे तिने दिले. दुकानदाराने तिच्या जुन्या फोनमधलं सिम काढून नव्यात घातलं. फोन उघडायचा पिन निकेतने टाकला. "तुला नंतर सांगतो," म्हणाला.

"मॅडम, अंगूठा लगाओ."

मिनलने अंगठा टेकवला. फोन थरथरला, पुन्हा ठेवा म्हणाला. तिने ओढणीला पुसून ठेवला. मग डावा अंगठा, मग एकेक बोट. पाच वर्षं कारखान्यात पावडरने स्टीलची भांडी घासून बोटांवरच्या रेषा पार गुळगुळीत झाल्या होत्या. रेशनच्या मशीनलाही ती पटत नसत, तिथे आईला न्यावं लागे. मेली बोटं, चारचौघांत लाज काढायची.

"नहीं पकड रहा," दुकानदार म्हणाला. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"माझा लावून बघू," म्हणत निकेतने हात पुढे केला. सात-आठ वेळा टेकवला, आणि झालं. त्याने फोन बंद करून पुन्हा अंगठा ठेवला, तर लख्खकन उघडला. "बघ, काम झालं," तो म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता, हेही सांगायला हवं.

दोघं रिक्षात बसले. गोल्डन नेस्टच्या चौकात सिग्नल लागला, तेवढ्यात समिधाचा फोन आला. समिधा कारखान्यात तिच्या शेजारी बसते. कुठला घेतला, हे ऐकायला सकाळपासून टपलेली. उचलायचं कुठून ते मिनलला उमगेपर्यंत फोन कट झाला.

उलट लावावा म्हणून तिने अंगठा उचलला. क्षणभर तसाच धरला आणि मांडीवर ठेवून दिला.

मग फोन निकेतपुढे केला.

"जरा उघडून देता?"