कापणीचा हात

मूठ ढिली होती.

रंजीतानं गोळ्या काढलेलं रिव्हॉल्वर पुन्हा एकदा घट्ट धरलं. नव्या सागवानी मुठीवर बोटं पुरी वळली, अंगठाही जागेवर बसला, पण तळहातापाशी बारीकशी पोकळी राहिलीच. मनगट जरा हललं की नळी आपल्या मर्जीनं डावीकडे झुकायची. कय्यूमचाचांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्या बोटांवरून मूठ चाचपली.

कय्यूमचाचांच्या हातून ढिली मूठ निघाली असं कोणी सांगितलं असतं, तर पोंभुर्णा गावानं त्यालाच वेड्यात काढलं असतं. चाळीस वर्षं ते विळ्यांना मुठी बसवत होते. कोणी बाई आली की ओल्या मातीचा गोळा तिच्यापुढे धरायचे. ती तो दाबायची, आणि त्या ठशावरून चाचा लाकूड उतरवायचे. वाळलेले गोळे दुकानातल्या फळीवर ओळीनं मांडलेले असत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्याकडे पाहिलं की वाटायचं, गावातल्या साऱ्या बाया आपापले हात इथे ठेवून कुठेतरी झोपायला गेल्या आहेत. त्या ओळीत रंजीताचाही गोळा होता, सगळ्यात ओला.

पोलीस खात्याची मूठ पुरुषी पंजासाठी केलेली. तिला वळसा घालताना रंजीताचं मधलं बोट अर्ध्या वाटेतच दमायचं. ही नवी फौजदारीण फायरिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. उद्या तिसरी आणि शेवटची खेप. चुकली तर ठाणं सुटणार आणि मुख्यालयात टपालावर शिक्के मारत बसायचं. शस्त्रागाराचा हवालदार भला माणूस. ‘मूठ बाहेरून करून आणा मॅडम, बसवून मी देतो,’ म्हणाला, म्हणून ती आठवड्यापूर्वी जुन्या मुठीच्या फळ्या रुमालात बांधून इथे आली होती. आज त्यानं बसवलेली नवी मूठ दाखवायला ती रिव्हॉल्वरच घेऊन आली होती.

“भागीरथाबाईची पोरगी ना तू?” चाचांनी विचारलं.

“हाव.”

“मंग तुया हात फुगत नाई का?”

तिला काही कळेना. चाचांनीच समजावलं. धान कापणाऱ्या बाईचा हात तास-दोन तासांत फुगतो. म्हणून ते प्रत्येक मूठ मापापेक्षा थोडी बारीक ठेवत, फुगीला जागा सोडून. ती सवय त्यांच्या रंध्यातच मुरलेली. भागीरथाची पोर, म्हणजे कापणीचा हात. त्यात विचारायचं काय, असं त्यांना वाटलं असणार.

“मी विळा धरत नाई, चाचा. मायनं कधी धरूच देला नाई.”

हे ती आजवर मोठ्या तोऱ्यात सांगत आली होती. आज पहिल्यांदा तिला स्वतःच्या मऊ तळहाताची लाज वाटली. नव्या मुठीला दोन दिवस लागणार होते. परीक्षा सकाळी अकराला होती.

पहाटे ती मायच्या बांधीत, धानाच्या शेतात, उभी राहिली. धुकं धानाच्या लोंब्यांवर टेकलं होतं आणि त्यातून मायचं फक्त डोकं दिसत होतं. रंजीतानं सगळं सांगून विळा मागितला, तेव्हा भागीरथानं तो पाठीमागे धरला.

“ह्या हाताले विळा लागू नये म्हून मी वीस वर्सं वाकली. आन् आता तू मागून राह्यली?”

“दोन तास, माय. फक्त आजच्या दिवस.”

भागीरथानं पोरीचा तळहात आपल्या हातात घेऊन पाहिला. मग तिनं विळा पुढे केला, पोरीची बोटं एकेक करून त्यावर ठेवली आणि तोंड फिरवून आपल्या ओळीला लागली.

रंजीता कापत गेली. पहिल्या घटकेत कंबर मोडली, दुसरीत कंबर आहे हेच विसरायला झालं. शेजारून मायच्या विळ्याचा आवाज यायचा, एका लयीत, आणि हळूहळू तिचाही विळा त्याच लयीत चालू लागला. आपण कापतोय की झोपेत कोणी आपल्याला पुढे नेतंय, तेही तिला उमगेना. लहानपणी ती ह्याच बांधावर पुस्तक घेऊन बसायची. हा आवाज तेव्हाही कानावर पडायचा, पण त्याला एवढी मेहनत लागते हे तिला ठाऊक नव्हतं. ऊन वर आलं तेव्हा तिनं विळा ठेवला. हात लाल झाला होता आणि चांगला फुगला होता.

मैदानावर तिनं रिव्हॉल्वर उचललं. तळहातापाशी पोकळी उरली नाही. हात जड आणि निवांत होता. दमलेल्या हाताला घाई नसते. समोरचं निशाण धुक्यातल्यासारखं दूर आणि स्वच्छ दिसलं. तिनं श्वास रोखला.

दिवस कलताना ती परत आली. माय अजून त्याच बांधीत वाकलेली होती. रंजीतानं बूट काढले, वर्दीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बांधावरचा विळा उचलला आणि काही न बोलता मायच्या शेजारची ओळ धरली.

भागीरथाचा हात थांबला. परीक्षा सकाळीच होऊन गेली, मग आता विळा कशाला, हे तिला विचारायची गरज वाटली नाही. तिचा चेहरा पार उतरला. पण पोरीला ते दिसू नये म्हणून तिनं पदरानं घाम पुसल्यासारखं केलं.

“जाऊ दे, बाई,” ती म्हणाली. “ठाणं गेलं त गेलं. विळा तर हाय.”

“पास झाली, माय,” रंजीता म्हणाली, आणि ओळीत पुढे सरकली.