फौजेतलं घड्याळ

कृष्णधवल सिनेमांवरचे ओरखडे कॉम्प्युटरवर पुसणं हे लेकीचं काम आणि शेजारी बसून नावं ठेवणं हे आईचं. आज पडद्यावर राजाची फौज चालून आली आणि लेक खो खो हसली. "आई, भालेवाल्याच्या मनगटावर घड्याळ! दिग्दर्शक झोपला होता का? थांब, पुसूनच टाकते." "खबरदार!" आई ताडकन उठली. "ते तुझे बाबा आहेत." "एवढ्या दाढीत ओळखलंस कसं?" "दाढ्या सगळ्यांना सारख्याच, म्हणून तर बजावलं होतं, घड्याळ काढू नका, नाहीतर थेटरात तुम्हाला शोधू कशी?" लेकीला बाबा फोटोतच ठाऊक होते, चालताना ती त्यांना पहिल्यांदाच बघत होती. तिने बाबांच्या अंगावरचे सगळे ओरखडे निगुतीने पुसले. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला, "अहो, ते घड्याळ पुसायचं राहिलं की." "राहिलं नाही साहेब," ती ठणकावून म्हणाली, "ठेवलंय."