मोठ्यानं वाचा

गावाच्या गप्पांच्या गटावर ‘स्पष्टवक्ता’ नावाच्या कुणीतरी वाचनालयाच्या नव्या चित्रभिंतीबद्दल गरळ ओकली होती. टेलिफोनबाईंनी ती प्रतिक्रिया अडवली आणि सवयीनं फोन उचलला.

बाईंची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. आता गटावरची प्रत्येक ओळ त्यांच्या हाताखालून जाई, आणि त्यांचा नियम एकच. कडू लिहिलंत, तर ते मला फोनवर मोठ्यानं वाचून दाखवा. शेवटपर्यंत वाचलंत, तर गटावर लावते. भल्याभल्यांना दुसऱ्याच ओळीला खोकला येई.

‘स्पष्टवक्त्या’नं सभासद होताना दिलेला नंबर त्यांनी लावला. घंटी वाजली ती त्यांच्याच घरात, कोपऱ्यातल्या रद्दीच्या गठ्ठ्यातून.

गॅलरीत झाडांना पाणी घालणारे यजमान झारी घेऊनच आत धावले. रद्दीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. चोरीचा मामला हळूहळू बोंबलायचा असतो; हा फोन तर ठणाणा करत होता. बाई काही फोन ठेवेनात. शेवटी यजमानांनी गठ्ठ्यातून मुलाचा जुना फोन ओढून काढला आणि कानाला लावला.

“स्पष्टवक्ते का?” बाईंनी विचारलं. दोघांत चार हातांचं अंतर होतं.

“हो... बोलतोय.”

“वाचा.”

यजमानांनी फोन कानावरून काढून डोळ्यांसमोर धरला आणि भिंतीकडे तोंड करून वाचू लागले. “‘याला चित्र म्हणायचं की रंगाचा डबा सांडला म्हणायचं? आणि निघालेत अख्खं गाव रंगवायला! हात...’”

“पुढे?”

“‘हात...’”

पुढचं बाईंच्या समोर होतंच. ‘हात थरथरतो तर घरी बसावं.’ भिंत रंगवणारा पेंटर हा यजमानांचा लंगोटीयार. आजारातून उठल्यापासून त्याचा हात थरथरे, आणि गटावरचं अक्षर न् अक्षर तो वाचे. हे वाचलं असतं तर त्यानं पुन्हा ब्रश हातात धरला नसता.

बाई भयंकर चिडल्या होत्या. पण त्या पाठमोऱ्या, पडलेल्या खांद्यांकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

“अहो, झालंय काय तुम्हाला?”

“त्या भिंतीवर पोस्टमन आहे. दूधवाला आहे. वकिलाचं कुत्रंसुद्धा आहे.” यजमान अजून फोनमध्येच बोलत होते. “मी नाही.”

“मग हे विचारा की त्यांना. स्वतःच्या नावानं.”

यजमानांनी आपला नेहमीचा फोन घेतला आणि एका बोटानं टाइप केलं. मग न सांगता मोठ्यानं वाचूनही दाखवलं. “‘कुत्र्याला जागा मिळाली. मी कुठाय रे?’”

बाईंनी ते तत्काळ लावलं.

“आणि त्या स्पष्टवक्त्याचं काय करू?”

“नियम म्हणजे नियम,” यजमान जुना फोन बंद करत म्हणाले. “त्याला वाचता आलं नाही.”

पेंटरचं उत्तर यायला वेळ लागला. थरथरत्या बोटांना लागतोच. तोवर यजमानांनी एकाच कुंडीला तीनदा पाणी घातलं.

फोन वाजताच ते लगबगीनं आत आले आणि वाचू लागले. “‘मधोमध एवढी मोठी मोकळी चौकट सोडलीय, ती दिसली नाही का रे आंधळ्या? ती तुझीच. डॉक्टर म्हणतात, महिनाभरात हात...’”

आवाज पुन्हा तिथंच अडकला.

बाईंनी फोन त्यांच्या हातातून हलकेच घेतला आणि उरलेलं त्यांना वाचून दाखवलं.

“‘...हात स्थिर होईल. बाकीचे कसेही आले तरी चालतील. तुझा चेहरा मला वाकडा काढायचा नाही.’”