वरची कडी

डॉक्टरीणबाईंनी छोटी रबरी हातोडी सुताराच्या बायकोच्या गुडघ्यावर मारली. पाय हलला नाही. त्यांनी दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही हलला नाही.

"हे पाय आता चालायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "आजार नसांचा आहे. हळूहळू वर चढत जाईल."

बायकोच्या धाकट्या भावाने डोळ्यांना रुमाल लावला. सुताराने खिशातून टेप काढला.

"खुर्चीत बसून हिचा हात कुठवर पोचेल?"

"कशाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घर खाली आणायचंय."

घरी येताच त्याने शेगडीच्या टेबलाचे पाय कापले. सागवानी टेबल, लग्नाच्या वर्षी त्यानेच केलेलं. मेहुण्याला ते बघवेना. "दाजी, ताईला आराम करू द्या. खिडकीपाशी पलंग टाका, कामाला बाई ठेवा."

आतून ताई म्हणाली, "खिडकीत कुंडी ठेव. मला नको ठेवूस."

पहिल्याच दिवशी घोळ झाला. सुताराने माप खुर्चीचं घेतलं होतं, बसणारीचं नाही. टेबलाचा खण तिच्या गुडघ्यांवर आपटला.

"जन्मभर कपाटं केलीत," ती म्हणाली. "कपाटाला कुठे गुडघे असतात."

त्याने खण काढून टाकला. चमचे डब्यात गेले.

मग एकेक करून सगळं खाली आलं. फळ्या, खुंट्या, दिव्यांची बटणं, आरसा. उभं राहिलं की आरशात त्याला स्वतःचं पोट तेवढं दिसायचं, म्हणून तो तिच्या शेजारी स्टुलावर बसून दाढी करू लागला. भाजी चिरताना वाकून वाकून त्याची कंबर धरली. शेजारी म्हणाले, हे घर आहे की बाहुल्यांचा खेळ. त्याने त्यांना चहाला बोलावलं आणि कप खालच्या टेबलावर ठेवले. सगळ्यांना वाकून घ्यावे लागले.

एकच गोष्ट वर राहिली. पुढच्या दाराची आतली कडी.

"ती पण आणा खाली," ती म्हणायची.

"तुला कशाला कडी? मी असतोच की घरात."

"म्हणूनच. भांडण झालं की तुम्ही तरातरा बाहेर निघून जाता. मला जाता येत नाही. निदान तुम्हाला बाहेर ठेवता तरी यावं."

तो हसला. मग हसू गेलं. "आतून कडी लावलीस आणि पडलीस तर? मी आत कसा येणार?"

"सुतार आहात ना? दार फोडा." ती त्याच्याकडे बघत राहिली. "पडले तर माझी मी पडेन. दार लावायचं की उघडायचं, एवढं माझ्या हातात असू दे."

"उद्या बघतो," तो म्हणाला.

आजार चढत गेला. पाठ गेली, आवाज बारीक झाला. हात मात्र शेवटपर्यंत तिचे राहिले. कडीचा विषयही तिने शेवटपर्यंत सोडला नाही.

ती गेल्यावर काही दिवसांनी मेहुणा आला. "दाजी, आता सगळं होतं तसं वर घ्या. किती दिवस वाकणार? हत्यारं काढा, मी हात लावतो."

सुताराने हत्यारांची पेटी काढली. मेहुण्याला बरं वाटलं. तो फळी उतरवायला लागला.

"फळीला हात लावू नकोस. इकडे ये."

सुताराने तिची चाकाची खुर्ची दारापाशी आणली आणि तीत बसला. हात वर केला. कडी लांबच राहिली. हात जिथवर पोचला, तिथून त्याने एक वीत खाली मोजली. तिचा हात तेवढा आखूड होता. तिथे पेन्सिलीने खूण केली.

"आता कोणासाठी?" मेहुण्याने विचारलं.

"मालकिणीने सांगितलेलं काम आहे."

तो जुन्या कडीचे स्क्रू काढू लागला. "सगळं घर खाली आलंय. कडी तेवढी राहिलीय."