खुन्यांनी डोळे उघडा

इंदुमतीने आज खेळाच्या चिठ्ठ्या काढल्याच नाहीत. स्टीलची वाटी तिने नेहमीसारखी कॅमेऱ्यासमोर धरून हलवली, आणि मग आधीच ठरवलेल्या भूमिकांचे निरोप एकेकाला पाठवून दिले. पुतणी संपदा डॉक्टर. तिचा नवरा यतीन, धाकटे दीर विश्वनाथ आणि जाऊ लता, हे तिघे गावकरी. नवरा शांताराम आणि मुलगा इंद्रजित, हे दोघे खुनी.

खेळात लबाडी तिने आयुष्यात पहिल्यांदाच केली. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वीज गेली की सगळ्या ब्लॉकची मुलं गच्चीवर जमत, आणि चिठ्ठ्या तिच्याच हातात देत. इंदुमावशी फसवत नाही, म्हणत. ती मुलं पांगली. ते क्वार्टरही पाडले.

फोनवरचा हा खेळ तिच्या बायपासनंतर सुरू झाला. दर रविवारी चार वाजता, घरच्याच माणसांपुरता. सूत्रधार तीच. तिने ‘डोळे मिटा’ म्हटलं की गाव झोपतं. मग फक्त दोघे खुनी डोळे उघडतात आणि कुणाला मारायचं ते वेगळ्या ग्रुपवर लिहून ठरवतात. तो ग्रुप सूत्रधाराला दिसतो.

म्हणजे खुन्यांना एकमेकांशी बोलावंच लागतं. इंदुमतीला तेवढंच हवं होतं.

बापलेक मार्चपासून बोलले नव्हते. कंपनीची बस असताना इंद्रजित मानेसरला मोटारसायकलने जायचा. ती दवाखान्यात असताना त्यावरून शांताराम त्याला नको ते बोलले, आणि तो मानेसरलाच खोली घेऊन राहिला. शांतारामांनी स्वतःच तिला हे सांगितलं होतं. मुलगा आईला बघायलासुद्धा आला नाही. दवाखान्यातून तिला थेट गुडगावला संपदाकडे नेलं, घराला रंग द्यायचाय म्हणून. पंधरा दिवसांनी ती घरी परतली तर भिंती जुन्याच.

“पेंटर पळाला,” शांताराम म्हणाले होते.

तेव्हापासून ती हॉलमध्ये झोपत होती. नवऱ्याशी कामापुरतं बोलत होती.

इंद्रजित तिचाही फोन उचलत नसे. ‘कामात आहे, आई’ असं लिहून पाठवी. पण खेळ त्याने एकदाही चुकवला नाही. कॅमेरा बंद, माइक बंद, नुसतं लिहायचा. बाप बोलत असला की लेक गप्प. लेक लिहायला लागला की बाप गप्प.

“काकू, आज तरी मला खुनी केलंय ना?” यतीनने विचारलं.

“तू कसला खुनी?” संपदा म्हणाली. “मागच्या वेळी माणूस मारलास आणि सगळ्यांसमोर सॉरी म्हणालास!”

“चलो वहिनी, सुरू करा,” पानिपतहून विश्वनाथ म्हणाले. “इंद्रा आलाय ना?”

“आलाय, आलाय,” लता घाईने म्हणाली आणि चष्मा काढून पुसू लागली.

काळ्या चौकटीखाली अक्षरं उमटली. ‘जेवलीस का, आई?’

“जेवले. तू?”

‘हो. मेसमध्ये भेंडी होती.’

“भेंडी? आणि तू खाल्लीस?”

‘इथे सगळं खावं लागतं.’

कुणीच हसलं नाही. यतीन पंख्याकडे बघत बसला.

शांताराम आतल्या खोलीतून खेळत. समोर टॅब, त्यात त्यांचा उतरलेला चेहरा. आपला निरोप त्यांनी दोनदा वाचलेला दिसला.

“इंदू, तू चिठ्ठ्याच काढल्यास ना नक्की?”

“सूत्रधाराला प्रश्न विचारायचे नाहीत. डोळे मिटा सगळ्यांनी.”

पाच चेहऱ्यांनी डोळे मिटले. काळी चौकट काळीच राहिली.

“खुन्यांनी डोळे उघडा.”

शांतारामांनी डोळे उघडले, पण मान खालीच. ग्रुपवर बराच वेळ काही आलं नाही. मग आलं.

शांताराम: कुणाला मारायचं?

पुन्हा बराच वेळ.

इंद्रजित: तुम्ही सांगा, बाबा.

इंदुमतीने घाईघाईने लिहिलं: मारामारी नंतर. आधी नीट बोला दोघं. सूत्रधाराचा हुकूम आहे.

तिला वाटलं, आता कुणीतरी बाहेर पडेल. काळ्या चौकटीतलं नाव नाहीसं होईल आणि पुढच्या रविवारी तेवढंसुद्धा नसेल. ती बोटं घट्ट आवळून बसली.

शांताराम: त्या दिवशी मी तुला अडवायला हवं होतं.

इंद्रजित: तुमची चूक नव्हती, बाबा.

इंदुमतीने ते तीनदा वाचलं. गाव अजून झोपलेलं होतं. डोळे मिटूनच संपदाने विचारलं, “काकू, झालं का?”

“थांबा. कुणी डोळे उघडू नका.”

माइक बंद करून ती उठली. तिला शांतारामांचा चेहरा बघायचा होता, टॅबमधला नाही, खरा. इतके महिने धरलेला राग तिला आज संपवायचा होता. पोराला रात्रीच जेवायला बोलवा, म्हणायचं होतं. फोन हातात धरून ती अनवाणीच आतल्या खोलीपर्यंत गेली. दार अर्धवट उघडं होतं.

शांताराम दाराकडे पाठ करून पलंगाच्या कडेला बसले होते. चष्मा कपाळावर, एका बोटाने फोनवर लिहीत होते. तिच्या हातातला फोन थरथरला.

शांताराम: घरी ये. आई वाट बघते.

मग त्यांनी आपला फोन बाजूला ठेवला, मांडीवरचा दुसरा उचलला, काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकलेला, आणि इंदुमतीच्या हातातल्या पडद्यावर इंद्रजित उत्तर लिहू लागला.