कोपऱ्यातली बसलेली बाई

संग्रहालयाच्या त्या दालनात आंधळ्यांना मूर्ती हातांनी पाहायची मुभा होती. पहारेकरीण आंधळ्या मास्तरांना एकेका मूर्तीपाशी नेत होती आणि मास्तर बोटांनीच ओळखत होते. "हा देव. हजार वर्षं उभा, पण पायांना शीण म्हणून नाही. आणि हा माणूस. कपाळाला आठी आहे."

तिला हसू आलं. आधी याच दालनात तिची आई पहाऱ्यावर असायची. पहारेकऱ्याने मूर्तीसारखं उभं राहावं, असा साहेबांचा खाक्या. एका स्टुलासाठी विनवण्या करकरून आई थकली. स्टूल आलं, पण आई गेल्यावर. कोपऱ्यातल्या त्या स्टुलावर बसायला लेकीचं मन अजून धजलं नव्हतं.

खिडकी लावून ती वळली, तर मास्तर चाचपडत नेमके त्याच कोपऱ्यात पोचलेले. रिकाम्या स्टुलापुढे उकिडवे बसून ते हवेत बोटं फिरवत होते.

"सगळ्यांत सुरेख ही," ते म्हणाले. "देवी नव्हे हं पोरी, माणूसच. घोटे केवढे सुजलेत बिचारीचे! पण चेहऱ्यावर काय समाधान कोरलंय. आयुष्यात पहिल्यांदाच बसायला मिळाल्यासारखं."