नुकुदामूचा थांबा

मकेरेताने तोच प्रश्न त्या सकाळी कंपनीच्या 'तलानोआ'वर, संगणकावरच्या सामाईक निरोप-भिंतीवर, तिसऱ्यांदा टाकला. 'नुकुदामूचा थांबा कोणी बंद केला?'

पाच मिनिटांत उत्तरं आली. कोणीतरी रडका चेहरा टाकला. लाउटोकाच्या धक्क्यावरून एकाने 'फार वाईट झालं' असं लिहिलं. त्याच्याच खाली भरती विभागाने केकचा फोटो चिकटवला. नाव मात्र कोणीच सांगितलं नाही.

दर गुरुवारी कंपनीची बोट नुकुदामू बेटावर थांबायची. नर्स त्याच बोटीने जायची. दालोच्या कंदांची पोती, पेयासाठी कुटायच्या यांगोनाच्या मुळांच्या जुड्या, सुट्टीत घरी निघालेली हायस्कूलची मुलं, सगळं त्याच बोटीवर. तीन आठवड्यांपासून बोट लांबूनच पुढे जात होती. मकेरेता वूली त्या बेटावरची. राजधानीत, सूवाच्या कचेरीत, ती आरक्षण विभागाची प्रमुख होती, आणि गावाकडून रोज फोन येत होते.

"तू तिथे बसून करतेस काय?" थोरल्या काकांनी विचारलं होतं. अपेनिसाकाका गावचे कारभारी. "गेल्या गुरुवारी आपल्या गावातल्या लितियाला कळा सुरू झाल्या, तर उघड्या होडीतून सहा तास न्यावं लागलं तिला. बाई वाचली. मूल गेलं."

त्या दिवसापासून मकेरेताला जेवण जात नव्हतं.

सगळ्यात जास्त संताप तिला 'तलानोआ'चा येत होता. कारण ते तिनेच आणवलं होतं. आधी निर्णय बंद दाराआड व्हायचे. पत्र कोणाला गेलं आणि कोणाला नाही याचा पत्ता लागायचा नाही. ती दीड वर्ष साहेबांच्या मागे लागली, तेव्हा कुठे ही सामाईक भिंत आली. सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना दिसणार. दिसत होतंही: चहाच्या दुधावरून भांडणं, रग्बीचे अंदाज, कोणाची तरी हरवलेली छत्री. दिवसाला दोनशे निरोप. कामाचे प्रस्तावही तिथेच यायचे; साहेबांनी किंवा कुठल्याही विभागप्रमुखाने अंगठ्याची खूण दिली की मंजूर. आणि नुकुदामूच्या थांब्याचं पान उघडायला गेलं की एकच ओळ यायची, 'हे पान व्यवस्थापनाने बंद केले आहे.'

ती उठून सैलोसीच्या टेबलाशी गेली. बोटींचे मार्ग सैलोसी आखायचा. त्याच्या आणि तिच्या गावाचं चेष्टेचं नातं पिढ्यानपिढ्यांचं. तिच्या गावाला नावं ठेवल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे. आज तो कागदातून मान वर करेना.

"थांबा काढायचा प्रस्ताव तुझा होता ना?"

"हो. त्या खाडीत बोटीचा तळ घासतो. मी पर्याय म्हणून लिहिलं होतं."

"मंजुरी कोणाची?"

"साहेबांना विचार."

"तुला माहीत आहे."

"विचार ना साहेबांना," तो म्हणाला आणि घरून आणलेल्या उकडलेल्या कसाव्याच्या कंदांचा डबा तिच्याकडे सरकवला. तिने हातही लावला नाही.

कंपनीचे व्यवस्थापक पेरमलसाहेब आपल्या खोलीत खिडकीशी उभे होते. ती आल्यावर त्यांनी दार लोटलं.

"मकेरेता, हा विषय सोड. चूक झाली. बोट वर्षभरासाठी दुसऱ्या मार्गाला दिली गेली आहे, ती आता परत घेता येणार नाही. मी छोटी बोट शोधतोय."

"चूक कोणाची?"

"कंपनीची."

"कंपनीला हात नसतात, साहेब. कोणातरी माणसाने होकार दिला असेल."

"नाव कळून काय करणार आहेस?"

"लितियाला सांगणार."

पेरमलसाहेबांनी टेबलावरचे कागद सरळ केले. "समज, त्या माणसाने नीट वाचलंच नसेल. कामाच्या धबडग्यात होतं असं."

"मग तर त्याला जास्तच लाज वाटायला हवी. तुम्ही कोणाला पाठीशी घालताय? सैलोसीला? की स्वतःला?"

"तुला जे वाटायचं ते वाटू दे."

"आम्हाला सांगितलं होतं, इथे काही लपणार नाही. पान उघडा, नाहीतर मी राजीनामा देते. आणि का दिला ते त्याच भिंतीवर लिहून जाते."

"आठवडाभर थांब."

"एक दिवस थांबणार नाही. अपेनिसाकाका आज सूवात आलेत. दुपारच्या बैठकीला मी त्यांना घेऊन येणार. त्यांच्यासमोर उघडा."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अजून एकदा विचार कर, पोरी," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला असं कधी म्हटलं नव्हतं. त्या लाडीगोडीने ती आणखीच चिडली.

दुपारी बैठकीच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. काका पुढच्या खुर्चीत, ठेवणीतला सुलू नेसून बसले होते. सैलोसी दाराशी उभा होता. तो बाहेर सटकणार असं वाटून मकेरेताने त्याला हाताने थांबवलं.

"साहेब," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ज्याने होकार दिला, त्याने उठून माझ्या काकांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलावं. नाहीतर पडद्यावर नाव येऊ दे."

कोणी उठलं नाही. पेरमलसाहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पान उघडलं.

वर सैलोसीचा प्रस्ताव होता, दोन पानांचा. अक्षरं बारीक होती. काका उठून पडद्याजवळ गेले आणि शाळेत वाचतात तसं शेवटची ओळ बोटाने धरून मोठ्याने वाचू लागले.

"प्रस्ताव उघडला, नऊ वाजून चार मिनिटं. मंजुरीचा अंगठा दिला, नऊ वाजून चार मिनिटं. मकेरेता वूली, आरक्षण विभाग."